पाणी फिरलं

गटारातलं बिडीचं थोटूक थांबलं. मीच टाकलेलं, विझलेलं, जेमतेम दोन बोटांचं. हल्ली रोज दुपारी मी मुलाच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसतो, बिडी ओढतो, थोटूक समोरच्या उघड्या गटारात टाकतो आणि ते डावीकडं वाहत वाहत कोपऱ्यावरच्या लोखंडी जाळीखाली दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडं बघत राहतो. या वयात एवढाच प्रवास झेपतो. आज ते निम्म्या वाटेत थांबलं. अडलं म्हणावं तर अडायला तिथं काही नव्हतं. चालता चालता घरी काही विसरल्याची आठवण होऊन माणूस उभा राहतो, तसं ते उभं राहिलं. मग जागच्या जागी वळलं आणि माझ्याकडं परत यायला लागलं. पायरीसमोर आलं, मला ओलांडून उजवीकडं गेलं, जिकडून गटार येतं तिकडं. त्याच्यामागून केळीची साल, कोंबडीची पिसं, साबणाचा फेस, सगळी वरात उलटी निघाली. पाणीही रंग बदलत होतं. काळ्याचं मातकट झालं आणि त्याला एक वास आला. माझ्या नाकानं तो वास चौदा वर्षं जपून ठेवला होता हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. शिंपल्याचा, कुजलेल्या मुळांचा, मिठाचा. माझ्या मांड्यांवरचे पिकले केस उभे राहिले. खिशात हात गेला. खिशात गोमाचं कार्ड होतं, आठ दिवसांपूर्वी आलेलं, घडीवर फाटायला आलेलं.

कार्ड डोळखांबच्या मास्तरांच्या हातचं आहे, पण आवाज गोमाचा. 'कृतानेक दंडवत, विनंती विशेष' इथपर्यंत मास्तर. मग मास्तरांची लेखणी थकली असावी आणि गोमा सुरू झाला. 'बारकी तीन आटवडे पडून हाय. पोटात अन नाय ठरत. वैद झाला, देव झाला. दादा तुमी या आनि तिला सांगा का तू उठशील. तुमी सांगितलं का व्हतं. मी पायलंय.' बस. खाली अंगठा. बारकी म्हणजे गोमाची बायको. आणि 'मी पायलंय' म्हणजे गोमानं काय पाहिलं, ते मलाही माहीत आहे, कारण तेव्हा तिथं आम्ही दोघंच होतो; आणि ते खरं होतं की खोटं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. आठ दिवस मी कार्डाला उत्तर दिलेलं नाही. आठ दिवस दुपारची झोप नाही. म्हणूनच तर आज जागा होतो. एरवी गेली आठ वर्षं शिवडीच्या या सखल गल्लीत हे गटार भर दुपारी असं उलटत असेलही. मी आत घोरत असेन. मुलगा कमळू कापसाच्या वखारीत कामाला आहे. त्याला रात्री विचारलं की तो म्हणेल, ''बाबा, आज अमावास्या. उधाण आहे. समुद्राचं पाणी गटारातनं वर येतं. त्यात काय?'' त्यात काय! असं विचारता येणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

मी देवराम, शेणव्याचा. आमच्याकडं माझं नाव पुसलंत तर लोक विचारतील, कुठला देवराम? थापाड्या का? मी थापा मारतो हे मी मान्य करतो, तेव्हा आता तुम्ही सावध झालात. व्हा. पण एक समजून घ्या. आमच्या भागात गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. सांगणाऱ्यासमोर एकजण हुंकार द्यायला बसतो. वाक्य संपलं की त्यानं 'हूं' म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. तशीच पुढं रेटली तर ती घरातल्या कोणाच्या तरी अंगाला लागते, असं म्हातारी माणसं सांगत. बाकीचे 'हूं' म्हणत. गोमा म्हणे, ''मंग?'' डोळे मोठे, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं, दोन्ही हात मांडीवर थाप मारायला तयार. डोळखांबच्या वरच्या पाड्यावरचा तो ठाकूर. उन्हाळ्यात काळू नदीवर मासे धरायला खाली उतरायचा आणि वाटेत आमच्या ओटीवर टेकायचा. मी म्हणायचो, काळूच्या डोहातला मासा शहाणा, पाणी आटलं की उठतो आणि चालत मुरबाडच्या बाजाराला जातो. मंग? तिथं मीठ घेतो. मंग? परत येऊन स्वतःला खारवून ठेवतो, कारण पाऊस कधी येईल याचा नेम नाही. तेव्हा मांडीवर थाप पडायची, आणि गोमाचं हसू पोटातनं असं वर यायचं की कुडाला टांगलेली भांडी वाजत. त्या हसण्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता हीच त्यातली गंमत होती. एका शब्दावरही नाही. दोघं मिळून ठरवून घसरगुंडीवर बसावं तसं ते होतं.

आणि त्यालाच मी सांगितलं होतं की मी खाडी पाहिली आहे. चौतीस सालचा वैशाख. डोळखांबच्या रानातल्या लाकडांच्या गाड्या भिवंडीच्या खाली, खाडीकाठच्या एका वखारीला निघाल्या होत्या. मी आणि गोमा चार रोजाच्या मजुरीनं बरोबर होतो. वाटेत पडघ्याला बैल सोडले तेव्हा गोमानं विचारलं, ''दादा, खाडी म्हंजी काय ओ? नदीच ना?'' मी म्हणालो, ''खाडी? अरे, पाच वेळा पोहून गेलोय मी. नदीची थोरली बहीण.'' त्यानं मांडीवर थाप मारली नाही. थाप कुठली आणि माहिती कुठली, हे ओळखायची त्याची एक खूण होती; मी डोळा बारीक करायचो. त्या वेळी धुळीनं माझे डोळे आधीच बारीक झालेले होते. त्यानं ते खरं धरलं. मी ते त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं, आणि दुरुस्त केलं नाही. खोटं बोलण्यात पाप नसतं असं मी अजूनही मानतो. पाप या न दुरुस्त करण्यात असतं.

आम्ही पोचलो चतुर्दशीच्या संध्याकाळी. लाकडं उतरवली, वखारीमागं निजलो. दुसऱ्या दिवशी अमावास्या. आमच्याकडं अमावास्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गाडीवान म्हणाले, आज मुक्काम. म्हणजे आम्हाला फुकटची सुट्टी. डोंगरातल्या माणसाला अमावास्या म्हणजे विसावा. त्याच दिवशी खाडी एरवीपेक्षा कितीतरी जास्त उसळते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्यातल्या कोणालाच नव्हतं. वखारीच्या दारात अंबूबाई नावाची एक कोळीण सुकट निवडत बसली होती. आम्ही सकाळी कामठ्यांची निमुळती टोपली आणि एक बांबू घेऊन निघालो तशी ती हसली. ''काय रं, डोंगर खाली उतारला का? कुठं निघालाव?'' गोमा म्हणाला, ''माशे धराया, आयं.'' ती म्हणाली, ''पानी बघून जा हां.'' मी तोऱ्यात म्हणालो, ''पाणी काय, आम्ही पाण्यातच जन्मलो.'' आम्हाला वाटलं, पाणी बघून म्हणजे खोली बघून. तेवढाच अर्थ आम्हाला येत होता.

आता हे मी कसं सांगू? खाजण म्हणजे खाडीकाठची ती खारी दलदल. आमच्याकडं जमीन असते किंवा पाणी असतं. इथं दोन्हीच्या मधलं काहीतरी कोसभर पसरलेलं होतं, दुधाच्या सायीसारखं, तकतकीत, काळपट, आणि त्यावर सकाळचं ऊन आडवं पडलं होतं. झाडं होती, पण त्यांची मुळं जमिनीत जायच्याऐवजी जमिनीतनं वर आली होती, बोटं उभी करून, जणू खाली पुरलेली माणसं काही मोजत होती. चिखलात हजारो भोकं आणि प्रत्येक भोकातून बारीक टक् टक् आवाज. सगळा चिखल बोलत होता. मध्ये एक नाळ होती, कमरेइतकी रुंद, तिच्यात वीतभर पाणी समुद्राकडं वाहत होतं. आणि गोमानं माझा दंड धरला. ''दादा,'' तो म्हणाला, अगदी बारीक आवाजात, ''ते बघा. मासा चालतंय.'' मी पाहिलं. बोटभर लांबीचा, बेडकासारखे डोळे डोक्यावर ठेवलेला एक मासा चिखलावरून दोन परांवर रेटत, हिसके देत चालला होता. मग दुसरा. मग पंचवीस. तिथले लोक त्याला निवटी म्हणतात, खातात, त्यांना त्याचं काही नाही. पण मी ती गोष्ट रचली होती. ओटीवर बसून, मीठ आणायला जाणारा मासा मी माझ्या डोक्यातनं काढला होता. आणि तो इथं पंचवीस नगांनी हिंडत होता आणि त्यातल्या एकानं थांबून माझ्याकडं पाहिलं. गोमानं मांडीवर थाप मारली. ''पर मुरबाडचा बाजार तिकडं ऱ्हायला!'' आणि हसला, खाजणभर. ते त्याचं शेवटचं तसलं हसू. तेव्हा कळलं असतं तर मी ते जरा नीट ऐकलं असतं.

मग आम्ही आमच्या पद्धतीनं कामाला लागलो. उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली की तिला आडवा बांध घालायचा, मध्ये एक खिंड ठेवायची, खिंडीत टोपली बसवायची, तोंड वरच्या अंगाला. वाहतं पाणी मासा आपसूक टोपलीत आणून घालतं. पाणी वरून खाली येतं, हे आम्हाला बापजाद्यांनी सांगितलेलंसुद्धा नाही; कोणी सांगावं लागतं का? टोपलीचं तोंड आम्ही डोंगराकडं केलं. समुद्राकडं पाठ. आणि वाट पाहत बांधावर बसलो. नाळेच्या खालच्या अंगाला, पंधरा-वीस हातांवर, एक खळगा होता, त्यात पाणी साचलेलं. आणि त्या खळग्यात काहीतरी मोठं फिरत होतं. पाणी नुसतं फुगायचं आणि बसायचं. मग एकदा पाठ दिसली, रुंद, पितळी, माझ्या मांडीएवढी. जिताडा. तेव्हा नाव ठाऊक नव्हतं. गोमा उठला. ''दादा, ह्यो हातानं धरायचा मासा हाय.'' मी म्हणालो, ''जा.'' का म्हणालो? पाच वेळा पोहून गेलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

दहा पावलं गेला, घोटाभर. बारावं पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत गेला. त्यानं दुसरा पाय उचलून पुढं टाकला, आमच्या भातखाचरात टाकतात तसा. आणि कमरेपर्यंत गेला. भातखाचराला तळ असतो. तो वळून माझ्याकडं हसला, लाजल्यासारखा. हलला तसा आणखी चार बोटं गेला. मी बांबू घेऊन धावलो; मीच गुडघ्यापर्यंत गेलो आणि पोटावर पडून कसाबसा मागं सरपटलो. बांबू पोचत नव्हता. ओरडलो. वखार अर्ध्या कोसावर, वारा उलटा. आणि ओरडता ओरडता माझी नजर नाळेवर गेली. पाण्यावर एक वाळकी काडी समुद्राकडं चालली होती. ती थांबली.

तेव्हाचं सगळं थांबणं मला आठवतं. चिखलातली टकटक थांबली. निवट्या जिथं होत्या तिथं तोंडं वर करून राहिल्या. वारासुद्धा, मला वाटतं, पडला. त्या थांबण्याला लांबी नव्हती. घडीभर असेल किंवा माझं निम्मं आयुष्य. मग काडी वळली. डोंगराकडं. माझ्या पायाखालची, मला जन्मापासून ठाऊक असलेली एक गोष्ट, जी इतकी ठाऊक होती की तिला नावही नव्हतं, ती सुटली. आमच्या बोलण्यात 'पाणी फिरलं' म्हणजे सगळं वाया गेलं. कोणत्या खाडीकाठच्या माणसानं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला असेल, आणि त्यानं काय पाहिलं असेल, असा विचार त्या भयंकर वेळी माझ्या डोक्यात आला, खरंच आला, शपथेवर सांगतो. समुद्र नाळेतनं वर येत होता. घाई नाही, आवाज नाही, लाट नाही. मालक आपल्या घरात येतो तसा. आमच्या टोपलीच्या पाठीला पाणी लागलं, तिला उचललं, उलटं केलं आणि घेऊन गेलं.

''दादा,'' गोमा म्हणाला. पाणी त्याच्या बेंबीला लागलं होतं. ''पानी उलटं येतंय.''

''येतं,'' मी म्हणालो. ''रोज येतं.''

''तुमी पायलंय?''

''पाच वेळा.''

तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी डोळा बारीक करतो का, हे बघत होता. आणि मग त्यानं तो शब्द उच्चारला, तोच, ओटीवरचा, पण त्यात हसू नव्हतं. ''मंग?''

मंग काय? मला काय ठाऊक? मला एवढंच ठाऊक होतं की पळत वखारीपर्यंत जाऊन माणसं आणीपर्यंत पाणी त्याच्या डोक्यावर गेलेलं असेल, आणि तो एकटा असेल. म्हणून मी पोटावर आडवा झालो, हनुवटी चिखलात टेकवली, म्हणजे त्याचं तोंड आणि माझं तोंड एका पातळीवर येईल, आणि गोष्ट सांगायला लागलो. म्हणालो, खाडी माणसाला बुडवत नाही, गोमा. बुडवते ती नदी. खाडी म्हातारी आहे, तिला घाई नसते. आधी ती चिखलाला सांगते, धर. मग स्वतः येते आणि म्हणते, सोड. ''मंग?'' मग चिखल सोडतो. पण धडपडणाऱ्याला नाही. त्याला चिखल आणखी घट्ट आवळतो. तू मागं रेल. पाठ पाण्यावर टाक, खाटेवर टाकतोस तशी. हात पसर. आभाळाकडं बघ. तो रेलला. पाणी त्याच्या छातीला आलं, मग बगलेत, मग कानाला. ''मंग?'' मग ती एक पाय सोडवते. कुठला? उजवा. आधी उजवाच. माझी जीभ बोलत होती आणि मी तिच्या मागं कुठंतरी बसून ऐकत होतो, माझ्याच गोष्टीला हुंकार द्यायचीही मला छाती नव्हती. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. डोळे आभाळाकडं. बराच वेळ काही नाही. त्याच्या ओठांवरनं एक बारीक लाट गेली; त्यानं फुर्र करून ती उडवली आणि म्हणाला,

''सोडला.''

उजवा पाय वर आला होता. काळा, चिखलानं माखलेला, पाण्यावर तरंगत होता, त्याच्या स्वतःच्या ओळखीचा नसल्यासारखा. ''दादा, उजवाच. मंग?''

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणणार नाही. मी तोंडाला येईल ते बोललो होतो, आणि समुद्रानं ते ऐकलं होतं. आज मी म्हणू शकतो, चिखलात पाणी मुरलं की तो सैल होतो आणि पाण्यात माणूस हलका होतो. कमळूच्या वखारीतल्या एका शहाण्यानं मला ते गणितासारखं समजावून दिलं आहे. असेल. पण तेव्हा मी जे शब्द टाकत होतो त्यावर पाणी पाऊल ठेवून येत होतं. मी म्हणालो, आता डावा. आवाज माझा नव्हता. डावा आला. गोमा आख्खा पाण्यावर आडवा झाला, हात पसरलेला, आणि समुद्रानं त्याला हळूच, कुल्ल्याखाली हात घालून पोर उचलावं तसं उचललं आणि डोंगराच्या दिशेनं, म्हणजे माझ्या दिशेनं, आणून दिलं. सगळं खाजण आता पाणी होतं. झाडं गळ्यापर्यंत बुडून उभी होती. ऊन माथ्यावर होतं आणि जिथं तासापूर्वी आम्ही चाललो होतो तिथं आभाळ पडलं होतं, निळं, कोसभर, एक सुरकुती नाही. मी गुडघे टेकलेला होतो. कोणापुढं ते ठाऊक नाही. गोमा माझ्या शेजारी काठावरच्या कोरड्या उंचवट्यावर खोकत होता, आणि खोकता खोकता म्हणाला की तो मासा त्याच्या पोटाला घासून गेला. ''कवडा व्हता दादा... कवडा व्हता.'' आणि मग त्यानं चिखलाच्या हातांनी माझे पाय धरले. मी तेव्हा म्हणायला हवं होतं. गोमा, मला काही माहीत नव्हतं. मी खाडी आजच पहिल्यांदा पाहिली. म्हटलं नाही. चिखल वाळत होता आणि बरं वाटत होतं.

त्या दिवसापासून गोमानं हसणं सोडलं. एरवी हसे, माझ्या गोष्टींना हसत नसे. ओटीवर बसायचा, हात जोडल्यासारखे मांडीत. मी म्हणायचो, काल रात्री माहुलीच्या गडानं कूस बदलली. तो म्हणायचा, ''व्हय.'' त्यात 'मंग' नव्हतं. देवळात म्हणतात तसलं 'व्हय'. मी गोष्टी आणखी मोठ्या केल्या, अशक्य केल्या, डोळा इतका बारीक केला की दुखायला लागला. तो म्हणाला, ''तुमी सांगता म्हंजी आसल.'' पाड्यावर त्यानं सांगून ठेवलं, दादानं पानी बोलावलं. लोक विहिरीची जागा विचारायला येऊ लागले. म्हशीची वेण अडली तर मला बोलावणं. विश्वास ठेवणाऱ्या माणसापुढं थाप मारून बघा. तोंडात माती येते. सहा वर्षं काढली आणि कमळूला म्हणालो, मला मुंबईला ने, गुडघे दुखतात. अख्ख्या मुलखात एकच माणूस राहिलं होतं ज्याचा माझ्यावर कधीच विश्वास बसला नाही, ती बारकी. गोमानं खाडीची गोष्ट सांगितली तेव्हा ती चुलीपुढून म्हणाली होती, ''पानी कुटं उलटं येतं? ताडी उलटी आली आसल दोगांना.'' त्या एका वाक्यासाठी मी तिचा कायमचा ऋणी आहे. आणि आता तिलाच जाऊन सांगायचं होतं की तू उठशील. सांगितलं आणि ती नाही उठली, तर गोमाची चौदा वर्षं बुडतील, आणि त्यांच्यासकट गोमा. आणि उठली तर? मी खरं सांगतो, मला याचंच जास्त भय वाटत होतं.

गटार काठोकाठ भरलं होतं. माझं थोटूक कुठल्या कुठं गेलं. आणि तेवढ्यात पायरीच्या कडेला, ओल्या दगडावर, काहीतरी टुपकन् चढून बसलं. बोटभर. डोक्यावर डोळे. निवटी. तिनं परांवर अंग उचललं आणि माझ्याकडं पाहिलं. मुरबाडच्या बाजाराची वाट विचारावी, तसं. मी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी आसनगावला उतरलो, शहापुरातून एका खटाऱ्यात शेणव्यापर्यंत आलो, पुढं पायी. पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बारकी पडवीत घोंगडीवर पडली होती, इतकी लहान झालेली की आधी मला घोंगडीची घडीच वाटली. गोमाचे केस पांढरे झाले होते. त्यानं उठून माझे पाय धुतले, आणि तिच्या उशाशी मला जागा करून दिली. शेजारी पेजेचं वाडगं होतं, वर साय धरलेलं. ''सांगा दादा,'' तो म्हणाला. हात जोडून बसला. मी तोंड उघडलं. तू उठशील. एक अक्षर आणि चार अक्षरं. आयुष्यात मी गड हलवले होते. हे दोन शब्द हलेनात. माझ्याच बारा पावलांवर मी कमरेपर्यंत रुतलो होतो. बारकीचे डोळे मिटलेले. मग काहीतरी बोलायचं म्हणून, तिच्याशी खोटं बोलायची हिंमत नाही म्हणून, मी तिला खरं सांगितलं.

''बारके,'' मी म्हणालो, ''काल शिवडीला आमच्या दारातलं गटार उलटं वाहिलं.''

''व्हय,'' गोमा म्हणाला.

बारकीनं एक डोळा उघडला. ''काय व्हय?'' ती नवऱ्याला म्हणाली. आवाज सुक्या पानासारखा. ''ते म्हनत्यात गटार उलटं वाह्यलं, आनि तुमी म्हनता व्हय.'' मग तो डोळा माझ्याकडं फिरला. ''आनि?''

''त्यात मासा आला. वर चढून पायरीवर बसला.''

''कवडा?''

''बोटभर.''

तिनं दुसराही डोळा उघडला. माझ्याकडं बघत राहिली, अगदी कीव केल्यासारखी. ''बोटभर,'' ती म्हणाली. ''म्हातारं झालात, दादा. पैलं तुमचा मासा बाजाराला जायचा. आता खोटंबी धड येत नाय तुमाला.''

आणि हसली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता परत हसू आलं, घोंगडी हलायला लागली. गोमा घाबरून तिच्याकडं बघत होता, मग माझ्याकडं, मग परत तिच्याकडं. त्याच्या तोंडावर काहीतरी थांबलं होतं. त्या काडीसारखं. मी पुढं झालो, कोपर मांडीवर टेकलं आणि आठ वर्षांनी, चांगला वेळ घेऊन, डावा डोळा बारीक केला. म्हणालो, ''अगं, बोटभर म्हणालो ते त्याच्या मिशीचं. नुसती मिशी गटारात मावली. बाकीचा तो बाहेर, समुद्रात, शेपूट अरबस्तानात ठेवून माझी वाट बघत होता.''

बारकी नवऱ्याला म्हणाली, ''पेज आना हिकडं वाईच. ह्यांची गोष्ट लांबायची.''

गोमानं वाडगं उचललं. तो माझ्या डोळ्याकडं बघत होता, त्या बारीक डोळ्याकडं. आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा हळूच चिखलातनं सुटला. उजवाच. आधी उजवाच.

''मंग?'' तो म्हणाला.